खोलीचा आवाज

हेपवर्थच्या स्वयंपाकघरात शिरले की
मी आधी फ्रिज बंद करते
आणि गाडीची किल्ली आत ठेवते, दुधाच्या बाटलीशेजारी.
आमच्या धंद्यातली जुनी युक्ती:
किल्लीशिवाय निघता येत नाही,
म्हणजे फ्रिज पुन्हा चालू करायचं राहत नाही.

बार्न्सलीपलीकडचं हे गाव चढावर आहे.
खाण होती तिथे आता पार्सलांचं गोदाम.
बँड मात्र आहे, पितळी वाद्यांचा,
त्यातल्या सहा म्हाताऱ्यांना मी या आठवड्यात बोलतं केलं.
सगळे तेच सांगतात: बक्षिसं, बसमधली गाणी,
भर स्पर्धेत कुणाची झडप अडकली.
संपाचं वर्ष आलं की
चहा ठेवायला उठतात.

मी उठू देते.
मिरजेत उठू देत नसे.
तेवीस वर्षांची बातमीदार होते,
दस्तगीरचाचा तंबोऱ्याचा भोपळा तासता तासता म्हणाले,
अमक्या बुवांनी तीन वाद्यांचे पैसे बुडवले,
पण ताई, हे छापू नका.
मी छापलं. चार कॉलम.
बुवांचे शिष्य पुन्हा ती पायरी चढले नाहीत.
मला बढती मिळाली.

हेपवर्थचं युफोनियम कपाटावर आहे,
तोंडात मोज्यांची जोडी कोंबलेली, धूळ जाऊ नये म्हणून.
कवळी बसवल्यापासून ओठ धरत नाहीत, म्हणाला.
मला तो 'लव्ह' म्हणतो,
बसच्या ड्रायव्हरलाही म्हणत असेल.
दोन तास बोलला. बक्षिसं. बस. झडप.

मग मी म्हटलं, आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही.
नुसता खोलीचा आवाज घ्यायचाय.
कापलेल्या जागी भरायला लागतो.

घड्याळ.
हीटरच्या नळीत काहीतरी टिचलं.
त्याच्या कानातलं यंत्र बारीक शीळ घालतंय.
दूर एक कुत्रं, एकदाच.

चाळिसाव्या सेकंदाला तो खिडकीकडे बघत बोलला.
संप मिटायला तीन आठवडे होते तेव्हा मी कामावर गेलो.
कारण सांगत नाही. कारणं सगळ्यांकडेच होती.
गावाने वाळीत टाकलं, बँडने नाही,
सोलो घेणारा दुसरा कुणी नव्हता.
आर्थर शेजारी बसायचा, दोघांत एक स्टँड.
एकतीस वर्षं माझ्याशी बोलला नाही.
पान मात्र तोच उलटायचा.
माझा दम कुठे संपतो
ते त्याला माहीत होतं.

मी काही बोलले नाही.
गप्प बसायचा नियम माझाच होता.
लाल दिवा चालू होता.

झालं मिनिट? त्याने विचारलं.
झालं, म्हटलं.

ट्रायपॉड, दिवे, केबलचं वेटोळं
सगळं गाडीपाशी नेलं, खिसे चाचपले
आणि परत आले.
तो फ्रिजचं दार उघडून उभा होता.
आत अंधार. हाताने बाटली शोधत होता
आणि हाताला किल्ली लागली होती.

ती तळहातावर ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.
ते शेवटचं, म्हणाला, आणि थांबला.
मी थांबले. थांबणं हेच तर शिकले इतकी वर्षं.
पण त्यालाही येत होतं ते,
माझ्यापेक्षा बरंच जास्त.

शेवटी मीच वाकून बटण दाबलं.
फ्रिज घरघरला, बाटल्या एकमेकींना लागल्या.
हा बघ, तो म्हणाला,
हा माझ्या खोलीचा आवाज. तू घेतलास तो कुणाचा?

गाडीत बसून नोंदवहीचं पान भरलं.
तारीख, जागा, माइक.
खोलीचा आवाज: एक मिनिट बावीस सेकंद.
वापरण्याजोगा की नाही, असा एक रकाना असतो.
पेन तिथे टेकवलं,
शाईचा ठिपका पडला,
तो वाळेपर्यंत
गाडी सुरू केली नाही.